५०० टनी प्रेसवर २०० मिमीचा गोल जॉब दाबायचाय, किती टन लागतील?

भट्टीवाला | सोमवार, रात्री ९:५०

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज अडलं म्हणून धागा काढतोय.

वडिलांच्या वेळचं छोटं फोर्जिंग शॉप आहे. आजवर सगळं काम हॅमरवर झालं. दिवाळीत एक सेकंडहँड हायड्रॉलिक प्रेस घेतली, पाटीवर ५०० टन लिहिलंय. आता एका गिऱ्हाइकाने ईएन-८ च्या (साध्या कार्बन स्टीलची एक जात) दहा डिस्क मागितल्यात. मशिनिंगनंतरची साइज व्यास २६५, जाडी १४०. माझा बेत असा की २०० मिमी व्यासाचा, ३०० मिमी उंचीचा बिलेट (लोखंडाचा कापलेला तुकडा) तापवून उभा ठेवायचा आणि दोन सपाट डायमध्ये (प्रेसच्या दाबणाऱ्या ठोकळ्यांमध्ये) १५० पर्यंत दाबायचा.

हिशेब दोनदा केला आणि दोन टोकं हाती आली. पहिल्यांदा ईएन-८ चा यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा आकार बदलायला लागतो तो) ३५० मेगापास्कल धरून बिलेटच्या क्षेत्रफळाने गुणला, तर ११२१ टन. मग लक्षात आलं की जॉब गरम आहे, म्हणून कुणीतरी सांगितलेला ६० चा आकडा घेतला आणि थोडं घर्षण मिळवलं, तर २०८ टन. प्रेस विकणारा म्हणतो, "आरामात होईल". मुलगा म्हणतो, "बाबा, होणार नाही". घरात दोन पक्ष पडलेत. ऑर्डर घेऊ की नको?

सांडशी | सोमवार, रात्री १०:२५

दोन्ही हिशेब चुकलेत. पहिला गार लोखंडाचा आहे. दुसरा लोखंड गरम धरतो, पण प्रेस जॉबला नुकती टेकली त्या क्षणाचा आहे. प्रेस सुरुवातीला कधीच अडत नाही हो, अडते ती शेवटच्या वीस-पंचवीस मिलिमीटरला.

आमच्या शॉपमधला जुना ठोकताळा सांगतो. साधं कार्बन स्टील, चांगलं पिवळंधमक तापलेलं, जॉब फार चपटा नाही, तर शेवटच्या क्षेत्रफळाला दर चौरस सेंटिमीटरला पाऊण ते एक टन. उंची निम्मी केली की क्षेत्रफळ दुप्पट. तुमचं शेवटचं क्षेत्रफळ ६२८ चौरस सेंमी. म्हणजे ४७० ते ६३० टन. तुमची प्रेस बरोब्बर कुंपणावर बसलीय.

तिरपी_रेघ | सोमवार, रात्री ११:४०

सांडशीकाकांचा ठोकताळा कुठून येतो ते सूत्रातून दाखवतो, म्हणजे पुढच्या जॉबला भट्टीवालांना स्वतः काढता येईल.

बल = त्या क्षणाचं क्षेत्रफळ × त्या क्षणाचा फ्लो स्ट्रेस × घर्षणाचा गुणक.

क्षेत्रफळ सोपं आहे. लोखंडाचं घनफळ बदलत नाही. बिलेटचं घनफळ ९४.२ लाख घन मिमी, त्याला १५० उंचीने भागलं की ६२,८३२ चौरस मिमी, म्हणजे सरासरी व्यास २८३.

घर्षणाचा गुणक = १ + ०.४ × म्यू × (व्यास ÷ उंची). म्यू म्हणजे घर्षणांक. हाही शेवटच्या मापांवरच काढायचा. डाय आणि जॉब यांच्यामध्ये काही लावलं नसेल तर गरम स्टीलला म्यू ०.३ धरा. २८३ भागिले १५० म्हणजे १.८९, गुणक आला १.२३.

फ्लो स्ट्रेस म्हणजे त्या तापमानाला, त्या वेगाने दाबताना धातू किती ताणाला हार मानतो तो आकडा. तक्त्यातला गार लोखंडाचा यील्ड इथे उपयोगाचा नाही. हायड्रॉलिक प्रेसचा वेग सेकंदाला २५ मिमी धरला, तर १५० उंचीला विकृतीचा दर (वेग भागिले उंची) सेकंदाला ०.१७ येतो. एवढ्या सावकाश दाबताना ११०० अंश सेल्सिअसला ईएन-८ साधारण ६० ते ७० मेगापास्कलला वाहायला लागतं. ६५ धरू.

६२,८३२ × ६५ × १.२३ म्हणजे सुमारे ५० लाख न्यूटन, ५ मेगान्यूटन. एक मेगान्यूटन म्हणजे १०२ टन. उत्तर ५१० टन. चौरस सेंटिमीटरला ०.८१ टन पडले. काका, दंडवत!

हाच बिलेट, हाच ६५ चा आकडा ठेवून वेगवेगळ्या उंचीला काय होतं ते बघा. ३०० ला २२५ टन. २०० ला ३५८. १५० ला ५१०. कुणी १०० पर्यंत न्यायचं म्हटलं तर ८८४. आणि ५० चा पापड लाटायचा असेल तर २,७०० च्या वर, कारण तिथे घर्षणाचा गुणकच २.१८ होतो. निम्मा मार्ग संपला म्हणून निम्मं बल लागलं, असा हिशेब इथे चालत नाही.

इंगळी | मंगळवार, सकाळी ८:१०

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न. भट्टीवालांकडे हॅमर आहेच, मग प्रेसचा हट्ट कशाला? हॅमरने दहा डिस्क ठोकून मोकळं व्हावं.

सांडशी | मंगळवार, सकाळी ८:४५

हॅमर किती टनी?

भट्टीवाला | मंगळवार, सकाळी ९:०५

२ टनी ड्रॉप हॅमर, दीड मीटर उचल. बिलेट ७४ किलोचा आहे, एवढा मोठा आम्ही कधी घेतला नाही.

तिरपी_रेघ | मंगळवार, दुपारी १:३०

हॅमरला 'किती टन' विचारायचं नसतं, 'किती ऊर्जा' विचारायचं. २००० किलो दीड मीटरवरून पडला की साडेएकोणतीस किलोज्यूल मिळतात. त्यातले पाव भाग ऐरण आणि पाया गिळतो. जॉबला मिळाले समजा २२.

ही डिस्क ३०० ची १५० करायला लागणारी ऊर्जा = घनफळ × फ्लो स्ट्रेस × उंचीच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग (इथे ०.६९). घर्षणाचे दहा टक्के धरून ४६५ किलोज्यूल. म्हणजे २१ घाव. ऐकायला बरं वाटतं. पण घण सेकंदाला पाच मीटरने येतो, विकृतीचा दर प्रेसच्या दोनशेपट होतो. गरम स्टील जितकं झटक्यात दाबाल तितकं ताठ राहतं. इतक्या फरकाने फ्लो स्ट्रेस दुपटीच्या वर जातो. मग घाव झाले पंचेचाळीस, आणि तेवढ्या वेळात जॉब लालभडक होऊन पुन्हा भट्टीत. तीन-चार तापांत होईल, पण प्रत्येक तापाला दोन-तीन टक्के वजन पापुद्र्यात (जळून सुटणाऱ्या वरच्या थरात) जाणार. ७४ किलोवर हिशेब करा.

इंगळी | मंगळवार, दुपारी २:००

पटलं. हॅमर रद्द.

अवांतर: अमेरिकेत बेथलेहेमला १८९१ मध्ये १२५ टनी वाफेचा घण उभारला होता, तो थोड्याच वर्षांत बंद पडला आणि जाड चिलखती पत्र्यांचं काम हायड्रॉलिक प्रेसकडे गेलं. कारण हेच असणार. घणाचा घाव वरवर बसतो, प्रेसचा दाब गाभ्यापर्यंत जातो.

शिकाऊ_गोगलगाय | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या सरांनी गुणक शिकवला तो १ + म्यू × व्यास ÷ (३ × उंची) असा. म्हणजे ०.३३. तिरपी_रेघ यांनी ०.४ घेतलाय. परीक्षेत कुठला लिहायचा?

राइनकाठ | मंगळवार, रात्री ११:१५

परीक्षेत सरांचा लिहा. :)

दोन्ही बरोबर आहेत. डायखाली दाब सगळीकडे सारखा नसतो. जॉबच्या कडेला तो फ्लो स्ट्रेसएवढा असतो आणि मध्याकडे चढत जातो, कारण मधल्या धातूला बाहेर सरकताना आधी पुढच्या सगळ्या धातूला ढकलावं लागतं. हा दाबाचा डोंगर सरळ उताराचा धरून सरासरी काढली की ०.३३ येतो. जर्मनीत हे झीबेलचं सूत्र म्हणून शिकवतात, १९२३ चं आहे. ०.४ मध्ये जॉबला पोट सुटणं (मधे फुगणं) वगैरेसाठी थोडी सढळ जागा ठेवलीय.

आता फरक बघा. या जॉबला ०.३३ ने गुणक येतो १.१९, ०.४ ने १.२३. तीन टक्के. उलट जॉब ११०० ऐवजी १००० अंशांवर आला तर फ्लो स्ट्रेस ६५ चा ८५-९० होतो. हे झाले तीसेक टक्के. मी इथे सिम्युलेशनचं काम करतो, रोज बघतो: लोक तीन टक्क्यांवर तासभर वाद घालतात आणि तीस टक्क्यांचा आकडा कुठल्यातरी जुन्या तक्त्यातून डोळे मिटून उचलतात. सॉफ्टवेअरलाही फ्लो स्ट्रेस आणि घर्षण आपणच द्यायचं असतं. कचरा घातला की रंगीत कचरा बाहेर येतो.

म्यूची एक गंमत ध्यानात ठेवा. तो ०.५८ च्या वर न्यायला अर्थ नाही. तिथे पोचल्यावर धातू डायवर घसरतच नाही, चिकटून बसतो आणि आतल्या आत कातरला जातो. म्हणजे वाईटात वाईट घर्षणातही या जॉबचा गुणक १.४४ च्या पुढे जाणार नाही. भट्टीवाला, तुमची भीती घर्षणाची नकोच, तापमानाची असू द्या.

शिकाऊ_गोगलगाय | मंगळवार, रात्री ११:४०

मग म्यू ०.३ हा तरी मोजलेला आकडा आहे की 'धरू या'वाला?

राइनकाठ | बुधवार, पहाटे १२:०५

'धरू या'वालाच. मोजायचा असेल तर साधी युक्ती आहे, रिंग टेस्ट. बाहेरचा व्यास, भोक, उंची ६:३:२ या प्रमाणात कड्या कापायच्या, समजा ९०-४५-३०. जॉबच्याच मटेरियलच्या, जॉबएवढ्याच तापवायच्या आणि दाबून भोक मोजायचं. घर्षण कमी असेल तर भोक मोठं होतं, जास्त असेल तर आकसतं. किती आकसलं त्यावरून तयार आलेखात म्यू वाचता येतो. त्यासाठी बल मोजावं लागत नाही, फ्लो स्ट्रेसही माहीत असावा लागत नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टला झकास विषय आहे, घ्या.

मिलीबार | बुधवार, सकाळी १०:३०

सगळे ५१० ची चर्चा करताय, पण प्रेस खरंच ५०० टन देते का? सेकंडहँड मशीनच्या पाटीवर विश्वास ठेवू नका. रॅमचा (दाबणाऱ्या दट्ट्याचा) व्यास मोजा, रिलीफ व्हॉल्व्ह (ठरावीक दाबाला तेल सोडून देणारी झडप) किती बारला सेट आहे ते बघा. क्षेत्रफळ गुणिले दाब, झालं. सीलच्या घर्षणात चार-पाच टक्के जातात. गेज पंपाजवळ असेल तर पाइपातला तोटा वेगळा.

भट्टीवाला | बुधवार, रात्री ८:१५

मोजला. रॅम ५६० मिमी, सेटिंग २०० बार. म्हणजे ४.९३ मेगान्यूटन, ५०२ टन. पाटी खरी निघाली, गेज सिलिंडरवरच आहे.

मुलगा म्हणतो, सेटिंग २३० करू, ५७७ टन मिळतील, प्रश्नच मिटेल.

मिलीबार | बुधवार, रात्री ८:२०

अजिबात नको! टाय रॉड (प्रेस बांधून ठेवणारे खांब), नट, सिलिंडरचा तळ, सगळं २०० बारच्या हिशेबाने बनलंय, आणि मशीन आधीच किती वर्षं दाबून आलंय कुणास ठाऊक. रॉड तुटला तर तो सरळ माणसांकडे येतो. व्हॉल्व्हला सील मारा आणि किल्ली घरी ठेवा.

सांडशी | बुधवार, रात्री ९:००

मिलीबार बोलले ते शंभर टक्के. मुलाला हा प्रतिसाद वाचायला द्या.

ऑर्डर घ्या, पण आधी एकच बिलेट करून बघा. उंची व्यासाच्या दीडपट आहे, म्हणजे वाकायची भीती नाही (अडीचपटीच्या पुढे जॉब कंबरेत लचकतो). बिलेटची दोन्ही टोकं काटकोनात कापा आणि जॉब रॅमच्या मधोमध ठेवा.

भट्टीवाला | रविवार, संध्याकाळी ७:३०

आज पहिला दाबला. १२०० ला दोन तास सोकिंग दिलं (गाभ्यापर्यंत तापायला तसंच ठेवलं). भट्टीतून काढून डायवर नीट बसवेपर्यंत ७० सेकंद गेले, कारण साखळीचा चिमटा नवीन, पोरांना सवय नाही. दाब सुरू केला, २२० पर्यंत लोण्यासारखा गेला. मग गेज चढायला लागला. १६५ ला २०० बार, आणि रॅम जागच्या जागी. दहा सेकंद धरून ठेवलं, एक मिमीसुद्धा हलला नाही, उलट जॉब काळवंडत गेला.

मधला घेर चांगला फुगलाय, पण वरखाली, डायला टेकलेल्या बाजूंना व्यास जेमतेम २५५. म्हणजे २६५ निघणार नाही. थोडा खट्टू झालोय.

तिरपी_रेघ | रविवार, रात्री ९:१०

खट्टू कशाला, तुम्ही आज फुकटात फ्लो स्ट्रेस मोजलात! १६५ ला क्षेत्रफळ ५७,१२० चौरस मिमी, सरासरी व्यास २७०, गुणक १.२. बल ४.९३ मेगान्यूटन. उलटं काढलं की फ्लो स्ट्रेस ७२. आपण ६५ धरला होता. तो ७० सेकंदांचा फरक आहे. गाभा गरम होता, कातडं गार झालं. गार डायनेही वरून-खालून उष्णता ओढून घेतली असणार.

पोट सुटतं तेही यामुळेच. टोकांचा थर डायला चिकटतो आणि थंड पडतो, मधला गरम भाग बाहेर पळतो. सूत्रातला व्यास हा सरासरी असतो. टोकांचा त्यापेक्षा दहा-पंधरा मिमी कमीच मिळणार, हे धरूनच बिलेट कापायचा.

सांडशी | रविवार, रात्री ९:४०

उपाय तिन्ही घरगुती आहेत. एक, चिमट्याची रंगीत तालीम गार बिलेटवर करा, २५ सेकंदांत जॉब डायवर पाहिजे. दोन, डाय गॅस बर्नरने दोन-अडीचशे अंशांपर्यंत तापवून घ्या. तीन, बिलेट बाहेर काढल्याबरोबर पापुद्रा झाडून टाका आणि खालच्या डायवर ग्रॅफाइटचा हात मारा. आम्ही लाकडाचा भुसा टाकायचो, तोही चालतो, फक्त धुराने डोळे चुरचुरतात.

एवढं करून अडलं तर जॉब पुन्हा तापवा, आणि सपाट डायऐवजी १०० मिमी रुंद जाड पट्टा मधे ठेवून दाबा, जॉब थोडा थोडा फिरवत. टेकणारं क्षेत्रफळच निम्म्याहून कमी होतं, मग प्रेसही निम्म्यावर हसत काम करते. शेवटी सपाट डायने वळ्या मोडून घ्यायच्या. मोठमोठ्या डिस्क लहान प्रेसवर अशाच निघतात. जपानमध्ये मुरोरानला १४,००० टनी प्रेस आहे, आपल्याकडे हजिऱ्याला ९,००० टनी. त्या सगळ्यांच्या नशिबी नसतात!

भट्टीवाला | पुढचा रविवार, रात्री ८:००

दुसरा केला. २८ सेकंद लागले, डाय गरम, ग्रॅफाइट लावलं. १५२ ला गेज २०० वर टेकला. टोकांना व्यास २६९ आणि २७०. निघतोय!

तिरपी_रेघ, तुमच्या पद्धतीने उलटा हिशेब मुलाने केला, फ्लो स्ट्रेस ६५ आला. तो आता वहीत तारीख, सेकंद, शेवटची उंची, बार असं लिहून ठेवतो. किल्ली मात्र माझ्या कपाटात आहे.

पहिल्या, १६५ वाल्या जॉबला काकांच्या पट्ट्याने उद्या परत दाबतो.

मिलीबार | पुढचा रविवार, रात्री ८:३०

अभिनंदन. पण दहाच्या दहा वेळा गेज टोकाला टेकणार आहे हे विसरू नका. तेलाचं तापमान बघत जा, आणि पुढचा बिलेट व्यास २१०, उंची २७२ करून बघा. घनफळ तेच राहतं, शेवटचं बलही तेच लागेल, पण दाबायचं अंतर २८ मिमीने कमी. तेवढा वेळ वाचला की जॉब तेवढा गरम राहतो.

भट्टीवाला | पुढचा रविवार, रात्री ८:५०

हे डोक्यातच आलं नव्हतं. उरलेले आठ असेच कापतो. गिऱ्हाइक आता विचारतंय की हीच डिस्क ३०४ स्टेनलेसमध्ये कराल का.

सांडशी | पुढचा रविवार, रात्री ८:५५

त्याच तापमानाला दीड ते दोनपट धरा. सरळ नाही म्हणा, नाहीतर पट्ट्याचे पैसे वेगळे लावा.